जेवून आलात ना?

देवरुखच्या बाजारात एका शिंप्याच्या दुकानामागे डॉक्टर साठ्ये बाई आठवड्यातून दोन दिवस बसायच्या आणि माणसांना सुया टोचायच्या. इंजेक्शनच्या नव्हेत. नुसत्याच सुया, आत औषध-बिषध काही नाही, केसाएवढ्या बारीक. त्याला ॲक्युपंक्चर म्हणतात हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक झालं होतं, पण म्हणायचं कोणी नाही. पुढे कापड शिवतात आणि मागे माणसं टाचतात, असं एसटीत कोणीतरी बोलायचं आणि अख्खी गाडी खिदळायची. मैनाही खिदळायची. पण ते बाबांचा खांदा धरायच्या आधी.

मैना कोंडवाडीहून देवरुखलाच हायस्कुलात यायची, नववीत होती. त्या वर्षी काय झालं कोण जाणे, चारचौघांत बोलायची तिची भीती एकदम पळाली. गॅदरिंगला माईक हातात आला आणि तो तिने असा धरला की शेवटी सरांना काढून घ्यावा लागला. तेव्हापासून ती कंडक्टरशी बोले, दुकानदाराशी बोले, गावकीतल्या म्हाताऱ्यांशीही बोले. आई जनी म्हणायची, हिच्या तोंडाला कोणीतरी झाकण शोधा गो. पण म्हणताना ती हसायची.

आणि बाबा, म्हणजे भिकाजी, म्हणजे कोंडवाडीचा मृदुंग. हे मैनाचं म्हणणं नव्हे, लोकच तसं म्हणायचे. शिमग्यात गावदेवीचे खेळे, म्हणजे नाचणारी-गाणारी मंडळी, देवीचं नमन घेऊन घरोघरच्या अंगणात जात, तेव्हा मृदुंग बाबांच्या गळ्यात असायचा. नमन रंगात आलं की बाबा वाजवता वाजवता तो अख्खा मृदुंग दोन्ही हातांनी डोक्यावर उचलत, एक गिरकी घेत आणि खाली आणून बरोबर समेवर थाप देत. त्या एका उचलीसाठी शेजारच्या गावची माणसं डोंगर उतरून यायची.

त्या वर्षी भात झोडून झालं आणि बाबांचा डावा खांदा धरला. आधी नुसता ठणकायचा. मग हात मागे जाईना, मग वर जाईना. सदरा घालायचा तर आधी डावा हात बाहीत सरकवायचा, तोही आईने धरून. तालुक्याच्या दवाखान्यातल्या गोळ्या झाल्या, वैद्याचं तेल झालं, भाजलेल्या विटेचा शेक झाला. मृदुंग भिंतीला तसाच टांगलेला. वाडीतला लवू, बाबांचाच शिष्य, हल्ली फारच प्रेमाने चौकशीला यायला लागला होता. येऊन बसायचा, चहा प्यायचा आणि डोळे भिंतीवर.

साठ्ये बाईंकडे जायचं मैनानेच काढलं. तिच्या वर्गातल्या एका मुलीच्या आजोबांची मान तिथे सुटली होती. बाबांनी लगेच हो म्हटलं नाही. ते देवळात गेले, गुरवाकडून देवीला कौल लावला. तांदळाचा दाणा उजवीकडून पडला, म्हणजे देवीचा होकार. मग मात्र बाबा बाजाराच्या दिवशी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून मैनाबरोबर पहिल्या एसटीत बसले.

खोलीत एक खाट, दोन खुर्च्या, स्टोव्हवर उकळून काढलेल्या सुयांचा स्टीलचा डबा. साठ्ये बाई मुंबईत शिकलेल्या, लग्न होऊन देवरुखला आलेल्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी खांदा इकडून तिकडून दाबून बघितला, हात कुठवर जातो ते बघितलं आणि स्पष्ट सांगितलं, की हे एका बैठकीचं काम नाही, मी जादू करत नाही. दुखणं कमी होईल, हात हळूहळू सुटेल, पण घरी व्यायाम करावा लागेल. मग सुई हातात घेताना त्यांनी विचारलं,

"जेवून आलात ना?"

"हो हो, भरपेट," बाबा म्हणाले.

पहिली सुई खांद्यावर लागली तेव्हा बाबा हललेही नाहीत. दुसरी बाईंनी पायाच्या नडगीशेजारी लावली. दुखतोय खांदा आणि सुई पायात, हे बघून मैनाला हसू फुटणार होतं, इतक्यात बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. कपाळावर घाम डवरला. "मैने," असं काहीतरी पुटपुटून ते खुर्चीतल्या खुर्चीत कलंडले.

बाईंनी चटकन सुया काढल्या, शिंप्याला हाक मारली, तिघांनी मिळून बाबांना खाटेवर आडवं केलं आणि पाय उशीवर ठेवले. थोड्या वेळाने डोळे उघडले, तेव्हा साखरेचं पाणी दिलं. बाई पुन्हा पुन्हा विचारत होत्या, असं कधी झालं होतं का, जेवलात कधी, काय. बाबा फक्त मान हलवत होते. लाजेने त्यांना कोणाकडे बघवत नव्हतं. दुकानात कापड घ्यायला आलेली चार माणसं दारातून डोकावत होती, आणि त्यांतला एक तरी कोंडवाडीच्या बाजूचा असणारच.

होताच. ही दोघं एसटीतून उतरेपर्यंत बातमी त्यांच्याआधी घरी पोचली होती. लवू म्हणे पारावर म्हणाला, एवढा वाघासारखा मृदुंगवाला, शिंप्याच्या सुईने आडवा केला.

आईने पिशवी रिकामी केली, तर तळाशी भाकरीचं फडकं जसंच्या तसं. गाठही सुटलेली नाही. आतली चटणी वाळून खडखडीत झालेली.

"ही भाकरी तुम्ही गाडीत खाणार होतात," आई म्हणाली. मैना गाडीभर कंडक्टरशी बोलत होती, तिचं लक्षच नव्हतं.

बाबांनी फडकं उचलून खुंटीला लावलं. मैनाने मग असा काही पिच्छा पुरवला की त्यांना सांगावंच लागलं. देवीने कौल दिला, म्हणून पहिली सुई लागेपर्यंत तोंडात पाणी घ्यायचं नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. असलं ठरवलेलं कोणाला सांगायचं नसतं, म्हणून सांगितलं नव्हतं. आदल्या रात्रीही नावापुरतंच जेवले होते.

"मग बाईंनी विचारलं तेव्हा खोटं का सांगितलंत?"

बाबांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं काही हिला कोणी काही शिकवलेलंच नाही.

"खोटं कसलं गो? कोणी जेवलात काय विचारलं तर नाय म्हणून सांगतात काय? बाई बिचारी हातातली सुई ठेवून पोळ्या लाटायला बसली असती."

आईसुद्धा पटून मान हलवत होती. त्यांच्या गावात एखादा माणूस दोन दिवसांचा उपाशी असला तरी दुसऱ्याच्या दारात 'आत्ताच जेवून आलो' असंच म्हणणार. नाही म्हटलं तर समोरच्या घरात चूल पेटवावी लागते, आणि त्या घरात तांदूळ आहे की नाही ते आपल्याला काय ठाऊक? मैनाही आजवर तसंच म्हणत आली होती. फक्त आज पहिल्यांदा तिला कळलं, की त्या सभ्यपणाने तिचा बाप खुर्चीतून पडला.

पण बाबा हे मानायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, उपाशीपोटी आपण पालखी नाचवलीय, उपाशीपोटी लाकडाचे ओंडके वाहिलेत, उपासाने पडणारा हा गडी नव्हे. सुईनेच पाडलं. आणि सुईने पडणारा माणूस अंगणात मृदुंग घेऊन उभा राहिला तर लोक त्याचं नमन ऐकणार नाहीत, हसणार. येत्या गावकीच्या बैठकीला मृदुंग लवूच्या हवाली करायचा, त्यांनी ठरवून टाकलं. एवढं बोलून ते गोठ्याकडे गेले आणि तिथे बराच वेळ म्हशीच्या पाठीवर उजवा हात ठेवून उभे राहिले.

मैनाला वाईट वाटलं, पण वाईट वाटून घेत बसणारी ती मुलगी राहिली नव्हती. पुढच्या खेपेला साठ्ये बाई बसल्या, तेव्हा मधल्या सुट्टीत भाकरी खाऊन, दप्तर मैत्रिणीकडे टाकून ती सरळ शिंप्याच्या दुकानामागे गेली आणि सगळं सांगून टाकलं. कौल, उपास, पोळ्या लाटायला बसल्या असत्या तेसुद्धा. बाई आधी हसल्या. मग चष्मा काढून पुसत बसल्या.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी प्रश्न असा विचारला की त्याला हो शिवाय उत्तरच नव्हतं."

मोठी माणसं, त्यातून डॉक्टर, आपली चूक आहे असं म्हणतात हे मैनाने पहिल्यांदा ऐकलं. तिला बाई एकदम आवडल्या. बाईंनी तिला समजावून सांगितलं, की सुई लागली की शरीर सैल पडतं, कधीकधी रक्तदाब खाली येतो. पोट भरलेलं असलं तर काही नाही, थोडी झोप येते एवढंच. पण पोट रिकामं, त्यात माणूस मनातून घाबरलेला आणि खुर्चीत ताठ बसलेला असला, तर पैलवानालासुद्धा घेरी येते. ओंडके वाहताना अंग ताठ असतं, इथे सैल सोडायचं असतं. पुढच्या वेळी त्यांना खाटेवर निजवीन, त्या म्हणाल्या.

पण पुढची वेळ यायला हवी ना. मैनाला बाबा ठाऊक होते. रक्तदाब वगैरे सांगितलं तर ते ऐकून घेतील आणि मृदुंग लवूला देऊन मोकळे होतील. त्यांना पाहिजे होतं ते दुसरंच काहीतरी. तिने हात पुढे केला.

"बाई, मला लावा एक. कसं वाटतं ते मला सांगता आलं पाहिजे."

बाईंनी आढेवेढे घेतले. दुखत नसताना कशाला, घरी विचारलंयस का. मैनाने इतकी बडबड केली की शेवटी त्या म्हणाल्या, बरं, एकच, हातावर, ती पण निजून. आणि मग सुई हातात धरून त्यांनी विचारलं, काय खाल्लंस? मैनाने सकाळच्या पेजेपासून मधल्या सुट्टीतल्या भाकरीपर्यंत, भाजीतल्या शेंगा मैत्रिणीने पळवल्या त्यासकट सगळं सांगितलं. पुरे पुरे, बाई म्हणाल्या.

अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या मांसल जागेत सुई गेली. मैनाने डोळे मिटले होते ते उघडले, कारण तिला वाटलं अजून लावलीच नाही. मुंगी चावते त्याहूनही कमी. मग बाईंनी सुई चिमटीत हलकेच फिरवली, आणि मैनाचं तोंड उघडंच राहिलं. इतकी बोलकी मुलगी, पण त्या क्षणी तिला शब्द सापडेना. घंटा होईपर्यंत ती तिथे पडून तोच एक शब्द शोधत राहिली. सुई काढली तेव्हा रक्ताचा ठिपकासुद्धा नव्हता.

संध्याकाळी घरी आल्यावर ती थेट बाबांपुढे जाऊन बसली आणि हात पुढे केला.

"सुई लावून घेतली."

आईच्या हातातलं सूप खाली पडलं. बाबांनी तिचा हात धरला, उलटासुलटा केला, उजेडाला नेला. कुठे काही नाही.

"दुखलं?"

"नाय. सुईचं काहीच नाय. पण मग बाई ती फिरवतात ना..." मैना थांबली आणि भिंतीवरच्या मृदुंगाकडे तिने बोट केलं. "तुम्ही डाव्या बाजूला थाप मारता आणि हात उचलता. तरी आत घुमत राहतं. तसं. हातात कोणीतरी थाप मारली आणि ती घुमत घुमत मनगटापर्यंत चढली. मग हात जड झाला आणि झोपच आली."

बाबांनी तिचा हात सोडला. मग त्यांनी जे विचारलं ते दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं.

"उघडी थाप, की दाबलेली?"

मैनाने डोळे मिटून आठवून बघितलं. "उघडी," ती म्हणाली. "पण लांबून ऐकल्यासारखी."

बाबांनी उजव्या हाताने मृदुंग खाली काढला, मांडीवर घेतला आणि डाव्या तोंडावर एक थाप दिली. उजव्या हातानेच. ती विरेपर्यंत दोघं ऐकत राहिली. आई चुलीपाशी पुटपुटली, बापाला वेड होतं ते आता लेकीला पण लागलं. पण खाली सांडलेली सुपातली कणी गोळा करताना तीही कान देऊन होती.

पुढच्या बाजाराला बाबा गेले. आईने त्यांना पहाटे असं जेवायला घातलं की एसटीच्या पायरीवर चढताना ते हाश्शहुश्श करत होते. देवीला त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, की उपास परत आल्यावर फेडतो, आज माफी कर. साठ्ये बाईंनी या वेळी वेगळं विचारलं, काय काय जेवलात? आणि बाबा, जे चार शब्दांच्यावर बोलत नाहीत ते बाबा, भात किती, कुळथाचं पिठलं कसं, वर दोनदा वाढून घेतलं, सोलकढी ताज्या कोकमाची नव्हे आमसुलाची, हे सगळं खाटेवर पडल्या पडल्या सांगत राहिले. बाई ऐकता ऐकता एकेक सुई लावत गेल्या. शेवटची नडगीशेजारची. ती फिरवल्यावर बाबा बोलायचे थांबले.

"उघडी थाप," ते हळूच म्हणाले. बाईंना काहीच कळलं नाही. मैनाला कळलं, आणि तिला वाटलं आपण आत्ताच्या आत्ता बाजारात धावत जाऊन सगळ्यांना सांगावं.

ती सुई पायात असतानाच बाईंनी बाबांना डावा हात उचलायला लावला. गेल्या वेळी छातीपर्यंत येऊन अडकला होता, तो खांद्याच्या रेषेला आला. फार काही नाही, चार बोटं. पण बाबांनी स्वतःच्या हाताकडे असं बघितलं, जसं मुंबईहून पाहुणा आलाय.

यापुढचं सगळं काही गोड नव्हतं. एकदा सुई काढल्यावर दंडावर निळा डाग पडला आणि आई चार दिवस बाईंच्या नावाने बोटं मोडत होती. एका बैठकीनंतर रात्रभर खांदा जास्तच ठणकला. बाईंनी ते आधी सांगून ठेवलं होतं म्हणून बरं. रोज भिंतीपाशी उभं राहून बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं, असा व्यायाम दिला होता. बाबा चढायचे आणि मैना जिथे बोट पोचलं तिथे कोळशाने रेघ मारायची. काही दिवस रेघ वर जायची, काही दिवस कालच्याच्याही खाली. खाली आली की बाबा दिवसभर कोणाशी बोलायचे नाहीत आणि मैना त्यांच्या वाट्याचंही बोलायची.

गावकी बसली तेव्हा लवूने विषय काढला. वाईट नव्हता तो, त्याला वाजवायची हौस होती एवढंच. काका, मृदुंगाचं काय ते सांगा, म्हणजे मी तालमी धरतो, तो म्हणाला. बाबा उभे राहिले. म्हणाले, मृदुंग माझ्याकडेच राहील. आणि वाजला नाही तर, लवूने विचारलं.

"नाय वाजला तर भर अंगणात तुझ्या गळ्यात घालीन. सगळ्यांसमोर."

बायकांच्या घोळक्यात बसलेल्या मैनाकडे सगळ्या वळून बघायला लागल्या. पण मान तिने ताठच ठेवली.

शिमग्यात खेळे पहिल्या नमनाला कोंडवाडीला आले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. अंगण सारवलेलं, रांगोळी घातलेली, सगळी वाडी भोवती गोळा. डोंगरापलीकडची माणसंही आली होती, या वेळी उचल बघायला की भिकाजी पडताना बघायला, ते त्यांचं त्यांना ठाऊक. लवू खेळ्यांच्या कडेला उभा, हात मोकळे ठेवून. बाबांनी मृदुंगाची दोरी गळ्यात घातली. आवाज घुमावा म्हणून डाव्या तोंडाला कणीक नीट बसवली. देवीचं नाव घेतलं आणि पहिली थाप दिली.

मैनाला वाटलं होतं आपल्याला रडू येईल. तसलं काही झालं नाही. ती पाय आपटत होती, शेजारणीला कोपराने ढोसत होती, आणि डाव्या हाताची एकेक थाप मोजल्यासारखी ऐकत होती. एकही थाप गळली नाही. घामाने बाबांचा सदरा पाठीला चिकटला, झांजवाल्यांचा वेग वाढला, नमन रंगात आलं आणि ती जागा आली. सगळे पुढे सरकले. बाबांनी मृदुंगाखाली हात घातले.

हात कानापर्यंत गेले. पुढे नाही. मैनाला ठाऊक होतं, कोळशाची रेघ त्याच्यावर कधी गेलीच नव्हती. लवू एक पाऊल पुढे आला.

बाबा मग वर बघायचे ते खाली बघायला लागले. त्यांनी गिरकी घेतली आणि तशीच घेता घेता एक गुडघा जमिनीला टेकला, मृदुंग सारवलेल्या अंगणावर आडवा आणला आणि समेची थाप भुईलगत दिली. जमिनीने ती उचलली. मैनाला ती तळपायातून कळली. तिथेच गुडघ्यावर बसून बाबांनी डाव्या हाताच्या उघड्या थापांचा असा एक तुकडा वाजवला की झांजवाले झांजा वाजवायचे विसरले. मग पुन्हा उठले, उठताना ताल सोडला नाही, आणि नमन पुरं केलं.

मग डोंगरापलीकडचा एक म्हातारा म्हणाला, हे भिकाजीचं नवीन दिसतंय. आणि एकच गलका झाला. हे कोणी शिकवलं, पहिल्यासारखं का नाही, नाही रे पहिल्याहून भारी, असं सगळे एकदम बोलायला लागले. दोन बायकांनी मैनालाच धरलं, माझी कंबर दाखवायची आहे गो, सुया फार लागतात काय. मैनाने त्यांना सगळं नीट सांगितलं. पोटभर खाऊन जा, घाबरू नका, एका खेपेत काही होत नाही आणि नंतर डाग पडला तर बोंब मारू नका. हे सांगताना तिचा आवाज गॅदरिंगच्या माईकवर होता त्याहून मोठा लागला होता.

तिकडे लवूने मृदुंग मागून घेतला होता. तोच तुकडा त्याला बघायचा होता. त्याने गिरकी घेतली, गुडघा टेकला, थापही दिली, पण मृदुंगाच्या वजनाने पुढे झुकला आणि काही केल्या उठता येईना. सगळे हसायला लागले, लवू स्वतःही.

"काका, हे उठायचं कसं ते नाय समजलं," तो खालूनच म्हणाला.

बाबा पुढे झाले. त्यांनी हात पुढे केला, डावा. लवूने तो धरला. आणि बाबांनी त्याला, मृदुंगासकट, उठवून उभा केला.